सोलापुरात छोटी होस्टिंग सर्व्हर रूम उभारताना: वीज, गारवा, कुलूप आणि दुसरी वाट

ज्यांच्यावर सर्व्हर रूमची जबाबदारी नव्यानेच आली आहे, त्यांच्यासाठी हा लेख आहे. साखर कारखान्याचा आयटी विभाग, टॉवेल-चादरी निर्यात करणाऱ्यांचं ऑफिस, पतसंस्था, रुग्णालय, किंवा इथल्याच ग्राहकांच्या वेबसाइट सांभाळणारी चार जणांची कंपनी. मोठ्या डेटा सेंटरमध्ये शेकडो रॅकसाठी (सर्व्हर बसवायची कपाटं) जे करतात तेच आपल्याला एका रॅकसाठी करायचं आहे. प्रत्येक गोष्टीला दुसरी वाट हवी, आणि पहिली वाट मुद्दाम बंद करून दुसरी खरंच चालते हे बघितलेलं हवं. यातला पहिला भाग पैसे टाकले की होतो. दुसरा सहसा कुणी करत नाही, आणि साइट बंद पडतात त्या तिथेच.

पायरी १: सोलापुरात काय ठेवायचं ते आधी ठरवा

उदाहरण म्हणून एक रॅक धरू. दहा सर्व्हर, प्रत्येकी साधारण ३०० वॅट. शिवाय स्टोरेज, स्विच, फायरवॉल मिळून आणखी १ किलोवॅट. म्हणजे ४ किलोवॅट. यूपीएसची घट आणि एसी धरून चोवीस तास साडेसहा किलोवॅटच्या आसपास वीज लागते. महिन्याला सुमारे ४,६८० युनिट. तुमच्या बिलावरचा दर त्याला गुणून बघा. त्यात जनरेटर, काही वर्षांनी बदलायच्या बॅटऱ्या आणि रात्री दोनला धावत येणारा माणूस मिळवा. हे सगळं परवडत असेल तरच पुढे जा.

आमचं मत स्पष्ट आहे. जगाला दिसणारी वेबसाइट, ऑनलाइन दुकान, ईमेल या गोष्टी नवी मुंबईत किंवा पुण्यात, चांगल्या डेटा सेंटरमध्ये भाड्याने ठेवाव्यात. इंटरनेट तुटलं तरी ज्यावर इमारतीचं काम चालायला हवं तेवढंच इथे ठेवावं: रुग्णांच्या नोंदी आणि एक्स-रे, वजनकाट्याच्या नोंदी, हिशेब, कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग, आणि बाहेर ठेवलेल्या डेटाची एक प्रत. 'लांब ठेवलं की साइट स्लो होते' ही भीती सोडून द्या. फायबरमधून प्रकाश एका मिलिसेकंदात साधारण २०० किलोमीटर जातो. सोलापूर ते मुंबई ४०० किलोमीटर धरलं तर जाऊन-येऊन ४ मिलिसेकंद. प्रत्यक्ष वाट वळणाची असल्याने याच्या दुप्पट-तिप्पट लागेल, पण माणसाला तेही जाणवत नाही.

भाड्याने घेताना 'टियर ३ दर्जाचं' या जाहिरातीवर जाऊ नका. डेटा सेंटरना दर्जा देणाऱ्या अपटाइम इन्स्टिट्यूटचं प्रमाणपत्र आहे का ते विचारा, आणि असलं तर ते नुसत्या आराखड्याचं आहे की बांधून झालेल्या इमारतीचं, हेही विचारा. टियर ३ म्हणजे कुठलाही एक भाग दुरुस्तीला काढला तरी सर्व्हर चालू राहतात. टियर ४ म्हणजे तो भाग अचानक बिघडला तरी चालू राहतात. तुमच्या रॅकला दोन स्वतंत्र वीजजोड मिळणार का, आणि रात्री तिथल्या माणसाकडून डिस्क बदलून घेण्याचे वेगळे पैसे पडतात का, हे लेखी घ्या.

पायरी २: टक्केवारीचा हिशेब

९९.९ टक्के अपटाइम (साइट चालू राहण्याचं प्रमाण) ऐकायला भारी वाटतो, पण वर्षाला पावणेनऊ तास बंद, असा त्याचा अर्थ. ९९.९९ म्हणजे साधारण ५३ मिनिटं. टियर ३ च्या नावाशी जोडला जाणारा ९९.९८२ चा आकडा म्हणजे दीड तासाच्या थोडं वर.

वीज, नेट आणि सर्व्हर एकामागोमाग जोडलेले असतात. तिन्ही प्रत्येकी ९९.९ टक्के असले तरी मिळून ९९.७ होतात, म्हणजे वर्षाला २६ तास. उलट, प्रत्येकी फक्त ९९ टक्के भरवशाच्या दोन नेट लाइन शेजारी-शेजारी लावल्या तर मिळून ९९.९९ टक्के होतात. अट एकच: त्या एका कारणाने एकदम तुटता कामा नयेत. दोन्ही फायबर एकाच खांबावरून येत असतील तर हे गणित कागदावरच राहतं.

पायरी ३: खोली

तळघर नको, पाणी शिरतं. सगळ्यात वरचा मजला नको, मे महिन्यात स्लॅब रात्री दहापर्यंत उष्णता सोडत असतो. मधला मजला, पश्चिमेची भिंत नसलेली, खिडकी नसलेली आणि वर संडास-बाथरूम नसलेली खोली शोधा. ३ बाय ४ मीटर पुरते. रॅकच्या पुढे १.२ मीटर आणि मागे १ मीटर मोकळं ठेवा, नाहीतर सर्व्हर पूर्ण बाहेर ओढता येत नाही. भरलेला रॅक आणि बॅटऱ्या मिळून सहज टनभर वजन होतं. पेठांमधल्या जुन्या बांधकामात स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारल्याशिवाय ते ठेवू नका.

हवेबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण सोलापुरात हे दुर्लक्षित आहे. यंत्रमागाच्या शेडला लागून खोली असेल तर कापसाची तूस सगळीकडे शिरते. एसीच्या जाळीवर आणि सर्व्हरच्या पंख्यांवर तिची गादी बसते. पंखे जोरात फिरतात, वीज जास्त खातात, तरी आतली चिप गरमच राहते. अशा जागी एसीची जाळी दर आठवड्याला धुवा, आणि सर्व्हर दर सहा महिन्यांनी उघडून ब्लोअरने साफ करा. ब्लोअर मारताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा. मोकळं सोडलं तर ते अति वेगाने फिरून बेअरिंग जातं.

डिस्टिलरी, सांडपाण्याचा नाला किंवा मळीची टाकी जवळ असेल तर प्रश्न वेगळा आहे. हायड्रोजन सल्फाइडमुळे तांबं आणि चांदी काळी पडते, मेमरीचे आणि कार्डांचे कॉन्टॅक्ट खराब होतात, आणि बिघाड असा येतो की कार्ड काढून पुन्हा लावलं की महिनाभर बरं चालतं. खात्री करायला तांब्या-चांदीच्या पट्ट्या ३० दिवस खोलीत ठेवून प्रयोगशाळेत तपासतात. महिन्याला तांब्यावर ३०० आणि चांदीवर २०० आंगस्ट्रॉमपेक्षा (मिलिमीटरचा कोटीवा भाग) कमी थर आला तर हवा ठीक. जास्त आला तर कार्बन फिल्टर बसवा, किंवा सरळ जागा बदला.

केबल आत येण्याची सगळी भोकं फायर पुट्टीने बुजवा. उंदीर, धूळ आणि आग या तिन्हींसाठी ते एकच काम आहे.

पायरी ४: वीज

लाईट किती वेळ जाते यापेक्षा ती परत कशी येते हे महत्त्वाचं. एप्रिल-मेमध्ये वळीव आला की लाईट तासाभरात चार-पाच वेळा ये-जा करते, आणि दर वेळी व्होल्टेज उसळतं. म्हणून साखळी अशी लावा: महावितरणचा थ्री फेज जोड, मुख्य पॅनेलवर ही उसळी गिळणारा सर्ज प्रोटेक्टर, मग जनरेटर आपोआप सुरू करणारं एएमएफ पॅनेल, तिथून दोन वेगळे यूपीएस, प्रत्येकाची रॅकमध्ये वेगळी पॉवर पट्टी, आणि प्रत्येक सर्व्हरला दोन पॉवर सप्लाय. एक केबल अ पट्टीत, दुसरी ब पट्टीत. दोन्ही केबल एकाच पट्टीत खोचलेले सर्व्हर हमखास सापडतात. अ पट्टीला लाल आणि ब पट्टीला निळ्या केबल वापरल्या की चूक लांबूनच दिसते.

यूपीएस ऑनलाइन प्रकारचाच, म्हणजे सर्व्हरला सतत स्वतः तयार केलेली वीज देणारा, घ्या. घरच्या इन्व्हर्टरमध्ये बदल होताना क्षणभराचा खंड पडतो, आणि बाहेरचं व्होल्टेज तसंच आत जातं. आपल्या ४ किलोवॅटला ६ केव्हीएचे दोन लागतील. पॉवर फॅक्टर (केव्हीएला गुणून किलोवॅट काढायचा आकडा) ०.९ धरला तर प्रत्येकाची क्षमता ५.४ किलोवॅट. एरवी प्रत्येकावर २ किलोवॅट, आणि एक बंद पडला तर दुसऱ्यावर पूर्ण ४. प्रत्येकावर एरवीच ३ किलोवॅट चढवून ठेवले असतील, तर एक गेल्यावर दुसऱ्यावर ६ येतात आणि तोही बसतो. लोकांना वाटतं दोन यूपीएस आहेत. प्रत्यक्षात ते एकाच यूपीएसचे दोन तुकडे असतात.

बॅटरीचा हिशेब: १२ व्होल्ट, २६ एएचच्या (अँपिअर-तास) १६ बॅटऱ्या म्हणजे कागदावर जवळजवळ ५,००० वॅट-तास. पण अर्ध्या तासात रिकामी करायची म्हटलं तर साधारण निम्मेच हाती लागतात, आणि बॅटरी जुनी झाल्यावर २,००० च्या आसपास. ४ किलोवॅटच्या भाराला घट धरून ४.३५ लागतात. म्हणजे शेवटच्या वर्षीही २५ मिनिटांच्या वर मिळतात. जनरेटर चालू होईपर्यंत, आणि नाहीच झाला तर सर्व्हर नीट बंद करायला, तेवढा वेळ पुरतो.

बॅटऱ्या जिन्याखाली किंवा पत्र्याच्या शेडमध्ये ठेवू नका. त्यांचं आयुष्य २५ अंशांना मोजलेलं असतं आणि दर १० अंश वाढीला ते जवळपास निम्मं होतं. पाच वर्षांची म्हणून घेतलेली बॅटरी ३५ अंशांच्या खोलीत अडीच वर्षांत संपते. सोळाच्या सोळा एका रांगेत जोडलेल्या असल्याने एक खराब झाली की सगळी रांग बसते. म्हणून दर महिन्याला प्रत्येक बॅटरीचं व्होल्टेज वेगळं मोजा. चार्जिंगला असताना १३.५ ते १३.८ च्या पट्ट्यात असावं. एखादी बाकीच्यांपेक्षा अर्ध्या व्होल्टने वेगळी दिसली किंवा फुगलेली दिसली तर ती पहिली संशयित. जुन्या रांगेत एखादीच नवी बॅटरी घातली तर ती नवीही लवकर जाते.

जनरेटरवर यूपीएस, चार्जिंग, दोन एसी आणि दिवे मिळून १० ते ११ किलोवॅट येतात. एसी सुरू होतानाचा झटका धरून २० केव्हीए घ्या. '५० घेऊ, पुढे उपयोगी पडेल' असं करू नका. ३० टक्क्यांपेक्षा कमी भारावर डिझेल इंजिन पूर्ण तापत नाही, न जळलेलं इंधन साचतं आणि सायलेन्सरमधून काळं तेल गळायला लागतं. नवा सेट घेताना तो केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या सीपीसीबी ४ प्लस मानकाचा आहे का बघा. १ जुलै २०२३ पासून नव्या सेटना ते लागू आहे.

जनरेटर सुरू न होण्याची कारणं बहुधा फालतू असतात. स्टार्टरची बॅटरी उतरलेली. सर्व्हिसवाला एएमएफ पॅनेल 'मॅन्युअल'वर ठेवून गेलेला. डिझेलचा कॉक बंद. टाकीच्या तळाशी पाणी. आणखी एक प्रकार नवख्याला चक्रावून सोडतो: जनरेटर धडधडत असतो, तरी यूपीएस बॅटरीवरच चालतो आणि अर्ध्या तासाने सगळं बंद. जनरेटरची फ्रिक्वेन्सी हलती असल्याने यूपीएस ती वीज स्वीकारत नाही. इंजिनचा वेग स्थिर ठेवणारा गव्हर्नर तपासून घ्या, आणि यूपीएसच्या सेटिंगमध्ये चालणाऱ्या फ्रिक्वेन्सीचा पट्टा थोडा रुंद करा.

अर्थिंगचं मोजमाप मेमध्ये करा. पावसाळ्यात काळी माती ओली असते आणि आकडा छान येतो. उन्हाळ्यात तीच माती भेगाळते, खाली कोरडा मुरूम, आणि रोध कितीतरी वाढतो. सर्व्हरच्या अर्थिंगला १ ओहमच्या आत ठेवायचा प्रयत्न करा आणि उन्हाळ्यात खड्ड्यात नियमाने पाणी घाला. न्यूट्रल आणि अर्थमध्ये २ व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर वायरमनला बोलवा. थ्री फेजमध्ये न्यूट्रल ढिला झाला की कमी भाराच्या फेजवर साडेतीनशे व्होल्टही येऊ शकतात. एकाच वेळी अनेक पॉवर सप्लाय जळाले तर आधी न्यूट्रल बघा. वर्षातून एकदा पॅनेलचे सगळे स्क्रू लाइनमन-इलेक्ट्रिशियनकडून, पुरवठा बंद करून, कसून घ्यावेत.

पायरी ५: गारवा

४ किलोवॅट सर्व्हरचे, ०.४ यूपीएसच्या घटीचे, भिंती आणि दिव्यांचे ०.६ मिळून ५ किलोवॅट उष्णता. एक टन म्हणजे साडेतीन किलोवॅट, म्हणजे हिशेबाने १.४ टन. पण साध्या स्प्लिट एसीची पाव ते तृतीयांश ताकद हवेतलं पाणी काढण्यात जाते, आणि बाहेर ४२ अंश असताना उरलेलीही घटते. म्हणून २ टनांचे दोन घ्या. एकट्याने पूर्ण खोली सांभाळता आली पाहिजे. टायमर लावून बारा-बारा तास आलटून पालटून चालवा, म्हणजे दोन्ही जिवंत आहेत हे रोज कळतं.

बाहेरचं युनिट घेताना हवामान वर्ग विचारा. टी१ वर्गाचं युनिट ४३ अंशांपर्यंतच्या बाहेरच्या हवेसाठी बनवलेलं असतं, टी३ वर्गाचं ५२ पर्यंत. सोलापुरात गच्चीवर दुपारी युनिटभोवतीची हवा ४३ च्या वर सहज जाते, आणि टी१ युनिट नेमकं तेव्हाच दाब वाढून ट्रिप होतं. टी३ घ्या, उत्तरेच्या सावलीत लावा, आणि दोन युनिटं एकमेकांच्या तोंडावर गरम हवा फेकणार नाहीत असं बघा. लाईट आल्यावर एसी आपोआप सुरू होतो ना? रिमोटची वाट बघत बसणारा एसी सर्व्हर रूममध्ये कुचकामी.

हा मुद्दा किती गंभीर आहे त्याचा अंदाज घ्या. ३ बाय ४ च्या, ३ मीटर उंच खोलीत हवा जेमतेम ४३ किलो. ५ किलोवॅट उष्णतेने नुसती हवा दर नऊ सेकंदांना एक अंश तापेल. भिंती आणि लोखंड बरीच उष्णता पितात म्हणून प्रत्यक्षात वेळ लागतो, तरी लाईट गेली की, एसी यूपीएसवर नसल्याने, काही मिनिटांतच खोली भट्टी होते. त्यासाठी सर्व्हरना सांगून ठेवा: समोरून आत जाणारी हवा ३२ अंशांना पोचली की संदेश, ३५ ला कमी महत्त्वाचे सर्व्हर आपोआप बंद, ४० ला सगळे.

तापमान मोजायचं ते रॅकच्या समोर, खाली-मध्ये-वर अशा तीन ठिकाणी. १८ ते २७ अंश हा अमेरिकेतल्या आश्रे संस्थेने सुचवलेला पट्टा आहे. एसी २४ वर ठेवा. १६ वर ठेवल्याने लवकर गार होत नाही, उलट कॉइलवर बर्फ जमतो. रॅकमधल्या रिकाम्या जागा ब्लँकिंग प्लेटने झाका, नाहीतर मागची गरम हवा त्यातून पुढे येते. दोन-तीन अंशांचा फरक काहीशे रुपयांत पडतो. एसीचं आतलं युनिट रॅकच्या डोक्यावर कधीही नको: पावसाळ्यात ड्रेन पाईप तुंबतो आणि पाणी थेट सर्व्हरवर. फेब्रुवारी ते मे हवा फार कोरडी असते, त्यामुळे मेमरीला हात लावण्याआधी अँटिस्टॅटिक पट्टा मनगटाला बांधा.

पायरी ६: आग

एबीसी पावडरचा सिलिंडर खोलीत ठेवू नका. आग विझेल, पण पावडर प्रत्येक सर्किटमध्ये शिरून गंज धरते. हातात धरायचा सीओटू सिलिंडर दारापाशी ठेवा, आणि छताला क्लीन एजंट गॅसची (मागे काही न ठेवता आग विझवणारा) व्यवस्था करा. गॅस सोडण्याआधी दोन वेगळ्या सर्किटवरच्या स्मोक डिटेक्टरनी धूर ओळखायला हवा. एकाच्या खोट्या इशाऱ्यावर महागडा गॅस वाया जातो. सोडण्याआधी भोंगा वाजून माणसाला बाहेर पडायला वेळ मिळाला पाहिजे. गॅस निदान १० मिनिटं खोलीत टिकायला हवा, म्हणून एसी बंद होण्याची जोडणी आणि बुजवलेली भोकं महत्त्वाची. खोली गळकी असेल तर गॅस दाराखालून निघून जातो आणि धुमसणारी केबल पुन्हा पेट घेते. रिकामी खोकी खोलीत साठवायची सवय आजच मोडा.

पायरी ७: दार

तीन-चार जणांनाच प्रवेश, कार्ड आणि पिन दोन्ही. एसीवाला, एएमसीवाला (वार्षिक देखभालीचा कंत्राटदार), सफाईवाला कुणीही एकटा आत नको. रजिस्टरमध्ये नाव, वेळ, काम, सही. कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग ९० दिवस, आणि ते दुसऱ्या खोलीत. आतून बाहेर पडायला नेहमी एकच ढकल पुरली पाहिजे. आणि साधी लोखंडी किल्लीही ठेवा: ४ ऑक्टोबर २०२१ ला फेसबुकचं स्वतःचं नेटवर्क कोसळलं, तेव्हा दुरुस्तीची साधनंही त्याच नेटवर्कवर अवलंबून होती, आणि अभियंत्यांना डेटा सेंटरमध्ये शिरून काम सुरू करायलाच वेळ लागला. आपल्याकडे दाराचा कंट्रोलर त्याच रॅकमधल्या स्विचवर जोडलेला असतो.

पायरी ८: नेट

दोन कंपन्यांची बिलं भरली म्हणजे दोन वाटा झाल्या असं नाही. दोघींनी एकाच तिसऱ्याची फायबर भाड्याने घेतलेली असू शकते. दोघींकडून मार्गाचा नकाशा मागा, आणि मग स्वतः खांबा-खांबाने चालत जाऊन बघा. शहरात रस्ते, ड्रेनेज, पाइपलाइन यांची खोदाई चालूच असते आणि जेसीबीचा एक दात दोन्ही केबल तोडतो. इमारतीत एक केबल पुढून, दुसरी मागून घ्या. तिसरी वाट म्हणून सिमकार्डचा राउटर ठेवा. त्यावर ग्राहकांची साइट चालवायची नाही. दोन्ही लाइन गेल्या तरी तुम्हाला आत शिरून बघता यावं, एवढ्यासाठीच तो.

एका लाइनवरून दुसरीवर साइटचा पत्ता न बदलता जायचं असेल तर स्वतःचे आयपी पत्ते आणि एएस क्रमांक (तुमच्या नेटवर्कची जगभरची ओळख) लागतात. भारतात ते आयआरआयएनएन या नोंदणी संस्थेकडून मिळतात. जगभरचे राउटर आयपीव्ही४ मध्ये साधारणपणे २५६ पत्त्यांपेक्षा लहान तुकडा स्वीकारत नाहीत. एवढा व्याप नको असेल तर डीएनएसमध्ये (साइटच्या नावावरून पत्ता सांगणारी यंत्रणा) टीटीएल, म्हणजे जुना पत्ता लक्षात ठेवायची मुदत, ३०० सेकंद ठेवून पत्ता बदलण्याची सोय करा, आणि नेमसर्व्हर दोन वेगळ्या नेटवर्कवर ठेवा.

डीडॉस हल्ल्याबद्दल (असंख्य यंत्रांकडून एकदम गर्दी करून साइट बंद पाडणं) एक गैरसमज: भारी फायरवॉल घेतली की झालं. तुमची लाइन १ जीबीपीएसची आणि हल्ला ५ चा असेल तर लाइन फायरवॉलच्या आधीच भरते. बचाव वरच्या कंपनीकडेच करावा लागतो. तशी सोय आहे का, आणि रात्री कोणता नंबर लावायचा, हे करारातच विचारा.

पायरी ९: डिस्क आणि बॅकअप

रेड (अनेक डिस्क एकत्र जोडून चालवायची रचना) हा बॅकअप नाही. चुकून पुसलेली फाइल रेड इमानाने सगळ्या डिस्कवरून पुसतो. तीन प्रती, दोन वेगळ्या साधनांवर, एक दुसऱ्या शहरात. १० मार्च २०२१ ला फ्रान्समधल्या स्ट्रासबर्गमध्ये ओव्हीएच कंपनीचं एक डेटा सेंटर जळून गेलं आणि ज्यांचा बॅकअपही तिथेच होता त्यांच्या साइट कायमच्या गेल्या. एक प्रत अशी ठेवा की ठरावीक दिवस ती ॲडमिनलाही पुसता येणार नाही, कारण डेटा कुलूपबंद करून खंडणी मागणारा रॅन्समवेअर आधी बॅकअप शोधतो.

महिन्यातून एकदा एका ग्राहकाची साइट रिकाम्या सर्व्हरवर पूर्ण उभी करा आणि घड्याळ लावा. 'बॅकअप सक्सेसफुल' असा मेल रोज येत असतो, आणि उघडून बघितलं तर डेटाबेसची फाइल शून्य बाइटची निघते.

पायरी १०: नेटवर्कमधून येणारा चोर

सर्व्हर लांबून सांभाळायचे मॅनेजमेंट पोर्ट, म्हणजे आयड्रॅक, आयएलओ वगैरे, वेगळ्या व्हीलॅनवर (त्याच स्विचवरचं अलग नेटवर्क) ठेवा. ते इंटरनेटवर उघडे म्हणजे खोलीचं दार उघडं. कंपनीचे मूळ पासवर्ड पहिल्या दिवशी बदला. एसएसएचला (लांबून लॉगिन करायची सोय) पासवर्ड बंद, फक्त 'की' म्हणजे किल्लीची फाइल. रूटने (सर्वाधिकार असलेलं खातं) थेट लॉगिन बंद. प्रत्येक ग्राहकाची साइट वेगळ्या युजरखाली चालवा, म्हणजे एकाच्या जुन्या वर्डप्रेस प्लगिनमधून शिरलेला शेजाऱ्याच्या फोल्डरमध्ये जाणार नाही.

नव्या होस्टिंगवाल्याला सगळ्यात जास्त त्रास ईमेलचा होतो. एका हॅक झालेल्या साइटवरून रात्रीत हजारो स्पॅम जातात, आयपी काळ्या यादीत पडतो आणि बाकीच्या सगळ्या ग्राहकांचे मेल परत यायला लागतात. प्रत्येक खात्याला तासाला ठरावीक मेलची मर्यादा घाला, पोर्ट २५ वरून (मेल पाठवायची वाट) बाहेर जाणं फक्त मेल सर्व्हरलाच मोकळं ठेवा, आणि मेल खरंच तुमच्याकडून आला हे पटवणारे एसपीएफ, डीकिम, डीमार्क तिन्ही लावा.

साइटच्या सुरक्षित जोडणीचं (https) सर्टिफिकेट हाताने बदलायचे दिवस संपले. टीएलएस सर्टिफिकेटची कमाल मुदत टप्प्याटप्प्याने कमी होत २०२९ मध्ये ४७ दिवसांवर येणार आहे. नूतनीकरण आपोआप होऊ द्या, आणि मुदतीच्या आधी संदेश देणारी तपासणी वेगळी लावा.

कायद्याचंही बघा. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार ठरावीक सायबर घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवाव्या लागतात, लॉग १८० दिवस ठेवावे लागतात, आणि सर्व्हरची घड्याळं एनआयसी (राष्ट्रीय माहितीविज्ञान केंद्र) किंवा एनपीएलच्या (राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा) वेळेशी जुळवावी लागतात. घड्याळ जुळलेलं नसेल तर कोण आधी शिरलं आणि काय नंतर पुसलं गेलं, हे लॉगवरून ठरवताच येत नाही.

पायरी ११: मुद्दाम बंद करा

दर तीन महिन्यांनी, कामाच्या दिवशी, सगळी माणसं हजर असताना. ग्राहकांना दोन दिवस आधी कळवा.

१. आदल्या रात्रीचा बॅकअप बाहेरच्या शहरात पोचला आहे याची खात्री करा.
२. मुख्य एमसीबी पाडा. यूपीएसने भार घेतला का, एकही सर्व्हर रीस्टार्ट झाला का, ते नोंदवा.
३. जनरेटर किती सेकंदांत आला ते लिहा. १५-२० सेकंदांपेक्षा जास्त लागले तर स्टार्टरची बॅटरी तपासा.
४. यूपीएस बॅटरीवरून उतरला का बघा. दोन्ही एसी (चाचणीपुरते दोन्ही चालू ठेवा) हात न लावता सुरू झाले पाहिजेत.
५. जनरेटरवर भारासह अर्धा तास चालू द्या. नुसता रिकामा फिरवलेला जनरेटर काहीच सिद्ध करत नाही.
६. यूपीएस अ पूर्ण बंद करा, सगळे सर्व्हर ब वर जिवंत राहतात का बघा. मग उलट.
७. पहिल्या नेट कंपनीची केबल काढा. बाहेरच्या मोबाइलवरून साइट उघडायला किती वेळ लागतो ते मोजा.
८. एक एसी बंद ठेवून तासाभराने रॅकसमोरचं तापमान लिहा. हा भाग मेमध्ये, दुपारी तीनला केलेला खरा.

पहिल्याच चाचणीत काहीतरी पडतं. ते माणसं समोर असताना पडलं हे चांगलंच.

वेळापत्रक आणि कपाट

मार्चअखेर एसीची सर्व्हिस, मे सुरू होताच अर्थिंगचं माप, जूनच्या आधी ड्रेन पाईप आणि सर्ज प्रोटेक्टरची तपासणी. गळीत हंगामात साखर कारखान्याच्या सर्व्हरवर मोठे बदल करू नका. विद्यापीठाचे निकाल लागण्याच्या दिवशी कॉलेजच्या साइटवर एकदम गर्दी होते, तेव्हाही अपडेट नको. दिवाळीत आणि गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांत कोण हजर राहणार ते महिनाभर आधी ठरवून, फोन नंबरांसह दारावर लावा.

पुण्याहून सुटा भाग यायला २५० किलोमीटर, म्हणजे चार-पाच तास. आषाढी वारीत वाहतूक वळवलेली असली तर आणखी. म्हणून कपाटात एवढं असू द्या: त्याच मॉडेलच्या दोन डिस्क, एक पॉवर सप्लाय, एक आधीच कॉन्फिगर केलेला स्विच, दोन एसएफपी (स्विचला फायबर जोडायचे मॉड्यूल), फायबरचे पॅचकॉर्ड, एसीचा एक कॅपॅसिटर आणि जनरेटरचे फिल्टर. वापरलं ते त्याच दिवशी रजिस्टरमध्ये लिहून नवीन मागवायचं.